फरशीवर मांडलेली बायको

एका इंग्रज लेखकाच्या कित्येक महिन्यांच्या कामाचा मी एकदा दोन मिनिटांत विचका केला, तोही भक्तिभावाने. तेव्हा मी साठीला टेकले होते, म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती.

कतारमध्ये, दोह्यात फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी चालली होती. तिथल्या अल गराफा वस्तीत आमच्या शेजारच्या व्हिलात हे म्हातारबुवा लेकीकडे राहत. लेक स्टेडियमच्या साइटवर. सकाळी गेली की अंधारल्यावरच उगवायची. बुवा निबंधकार आणि समीक्षक. जन्मभर लंडनच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्यांच्या पुस्तकांची सालं काढली आणि आता गेलेल्या बायकोवर लेख लिहायला बसले होते. घाई होती, कारण स्मरणशक्ती दगा द्यायला लागली होती.

मी एम.ए.ला इंग्रजी घेतलेली, त्यामुळे आमची बरोबरीच आहे असं मला वाटे! एका सकाळी उपम्याचा डबा घेऊन गेले, तर हॉलभर फरशीवर लिहिलेले कागदाचे कपटे. अगं बाई, सरस्वती पायदळी! मी एकेक कपटा उचलला, कपाळाला लावला आणि छान गठ्ठा करून टेबलावर ठेवला.

बुवा अंगणातून आत आले आणि रिकाम्या फरशीकडे बघत राहिले.

"तो लेखाचा क्रम होता," एवढंच म्हणाले. डोक्यात राहत नाही म्हणून जमिनीवर मांडलेला.

माझं एम.ए. तिथेच खलास. मी फरशीवर फतकल मारली. "मी वाचते, तुम्ही जागा सांगा."

त्यांना आठवेना. मग मीच लावू लागले. बायको चिडली की भांडायच्या ऐवजी शिट्टी वाजवत घरभर फिरायची, तो कपटा मी सगळ्यांत वर ठेवला.

"फार गोड," समीक्षक गुरगुरले.

"नवऱ्यावर शिट्ट्या मारणारी बाई गोड?"

ते हसले. मग मात्र दोघंही सरसावलो. प्रत्येक कपट्यावरून भांडलो, उपमा गार झाला, ऊन भिंतीवर चढलं. लेख पुन्हा उभा राहिला. पहिल्यासारखा की नाही, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले, माझा हात धरला. शब्द त्यांचेच, मराठी तेवढी माझी:

"उद्याही या. उद्या मला ती आठवली नाही, तर ती कशी होती ते तुम्ही मला सांगा."