न केलेल्या चोरीचा कबुलीजबाब

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि तीही पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर. त्यामुळे हे लिहिणं आगाऊपणाचं वाटलं तर माफ करा. परवा वर्गात सरांनी शिकवलं, की अधिकाराच्या माणसापुढे लोक न केलेली गोष्टही कबूल करतात. तेव्हा भिवंडीतली ती केस पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली.

दोन हजार सालानंतरचे दिवस. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामातून टेम्पोभर कापडाचे तागे चोरीला गेले, वॉचमनचं डोकं फुटलं. खबर मिळाली की अंबाडी नाक्यावर एक आदिवासी तरुण नवं कोरं कापड घेऊन बसलाय. त्याला अटक झाली. तपास माझ्याकडे होता. दुपारी हवालदार खुशीत माझ्याकडे आले.

"साहेब, कबूल झाला. पंच बोलावू?"

मी त्याला समोर बसवलं. "तागे तू नेलेस?"

"हां सायेब."

"टेम्पो कोणी चालवला?"

"मीच सायेब."

"गिअर कुठे असतो रे टेम्पोचा?"

त्याने आधी हवालदारांच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी सांगाल तिथं."

मी हवालदारांना बाहेर पाठवलं, टोपी काढून ठेवली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसलो. "त्या दिवशी काय काय केलंस ते सांग. मी मधे बोलणार नाही."

तो बोलू लागला. खारबावच्या वीटभट्टीवर कामाला होता, रात्रीही तिथेच झोपला.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"न्हाय बोललो तवा हवालदारदादा रागावले. हां बोललो, तर चहा दिला."

भट्टीवर गेलो. मुकादम हसला. "वो? साहब, वो तो उस रात यहीं सोया था. कपड़ा भी मैंने ही दिलाया, उसकी घरवाली के लिए."

त्याच्याविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी कोर्टासाठी तयार केला. त्यावर कोर्टाचा आदेश यायच्या आतच माझी बदली झाली; तो अजून तुरुंगातच होता.

त्या दिवसापासून मी एक शिकलो. पटकन आलेल्या होकारावर आनंदायचं नाही. तो होकार माझ्या प्रश्नाला आहे की माझ्या वर्दीला, हे आधी पाहायचं.

पुढे बऱ्याच दिवसांनी हवालदारांचा फोन आला.

"साहेब, सुटला तो भट्टीवरचा. मी होतो तिथे. तुरुंगाचं फाटक उघडं होतं, बायको बाहेरून हाका मारत होती, पण गडी जागचा हलेना. कोणीतरी ‘जा’ म्हणायची वाट बघत होता."

"मग कोण म्हणालं?"

"मीच म्हणालो, साहेब."