पाव आटा आणि माझा साडू

नाशकात हेवा करावा अशी माणसं पुष्कळ होती, पण ज्याचा हेवा करता करता अंगात कणकण भरावी असा माणूस मला एकच भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ऐंशीच्या दशकात मस्कतहून परत येताना लोक सोनं आणायचे, टेपरेकॉर्डर आणायचे. यानं बोटीवर चढवून एक जपानी गाडी आणली. तीही टर्बोची! टर्बो म्हणजे काय हे आमच्या कॉलनीत कुणाला ठाऊक नव्हतं, पण महिन्याभरात दूधवाल्यालासुद्धा पाठ झालं, कारण हा गृहस्थ दिसेल त्याला थांबवून सांगायचा. इंजिनात हवा दाबून भरायची म्हणजे गाडी उधळते, आणि पाय काढला की ती कोंडलेली हवा बाहेर सोडायला एक झडप असते. तिचं नाव ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. हवा सोडताना ती जो 'फुस्स' आवाज करी, त्यावर माझ्या साडूचा सगळा संसार उभा होता.

दर रविवारी बॉनेट उघडून तो त्या झडपेच्या स्प्रिंगचा स्क्रू पिळत बसायचा. "सगळा पाव आट्याचा खेळ आहे, दादा," तो मला सांगायचा. स्क्रू जास्त आवळला तर झडप उघडत नाही आणि हवा आतच गुरगुरते. सैल सोडला तर ती सारखी गळते आणि गाडीत जीव राहत नाही. मग पाव आटा, म्हणजे स्क्रूचा पाव वेढा, फिरवायचा, गंगापूर रोडला चक्कर मारायची, परत येऊन पाव आटा उलटा. "आज जरा सर्दी झाल्यासारखी नाही वाटत?" असं मान तिरकी करून विचारायचा. त्यांच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा तर कहरच झाला. कथा ऐन रंगात आलेली, आणि हा यजमान पाटावरून उठला, सोवळ्यानिशी बाहेर जाऊन पाव आटा फिरवून आला आणि हात धुऊन म्हणाला, "हां गुरुजी, चालू द्या." गुरुजी रागावतील म्हणून मी आशेनं बघत होतो. पण कथा संपल्यावर त्यांनी घरी सोडायला गाडीच मागितली.

गाडीचं मला काही नव्हतं. छे, खोटं कशाला बोलू, होतंच. पण खरं दुखणं होतं आमचे सासरे. मामा सायखेड्याचे, कांदा पिकवणारे. कितीतरी वर्षं मी त्यांचा एकुलता एक जावई. मी गेलो की ते खाटेवर सरकून जागा करायचे, पानाचा डबा पुढे ढकलायचे आणि पाटाच्या पाण्यापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळं माझ्याशीच बोलायचे. धाकटा जावई आला, पाठोपाठ त्याची गाडी आली, आणि मामा खाटेवरून उठून बॉनेटपाशी जाऊन उभे राहायला लागले. "आयकलं का जावईबापू? लय झ्याक सुस्कारा टाकती!" हे मलाच सांगायचे. मी "हो मामा" म्हणायचो आणि आतल्या आत जळून कोळसा व्हायचो.

एका खंडेनवमीला मामा मुद्दाम धाकट्याच्या घरी राहायला आले. माझी स्कूटरही मी तिथेच नेली होती. आमच्या सौभाग्यवतीनं तिला एक बोट कुंकू लावलं आणि लगेच गाडीकडे वळली. साडूनं झडपेची नळी काढून तिचं तोंड उघडं करून ठेवलं होतं, खरी पूजा तिचीच म्हणून! हळद, कुंकू, झेंडू, मूठभर अक्षता, सगळं झालं. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर यांचीही पूजा मांडली, आणि मांडलेली हत्यारं दसरा होईपर्यंत हलवायची नाहीत म्हणून ती तिथेच राहिली.

दसऱ्याला मामांच्या थोरल्या बहिणीला सोनं द्यायला सगळे कळवणला जायचे. बायका सकाळच्या एसटीनं पुढे गेल्या. दुपारी मामा गाडीत पुढच्या सीटवर बसले. मला मागची सीट मिळत होती. मी स्कूटर काढली. वणीच्या पुढे बघतो तर काय, गाडी कडेला, बॉनेट उघडं! झडपेतून हवा गळत होती, गाडी चढ घेईना, थांबली की बंद पडे. हत्यारं घरी झेंडूखाली. साडू मामांचा अडकित्ता घेऊन नळीशी झटत होता. मला, देवाशपथ सांगतो, उकळ्या फुटत होत्या. "चला मामा, बसा मागं," मी म्हटलं, "आत्याबाई वाट बघत असतील."

मामांनी एकदा स्कूटरकडे पाहिलं, एकदा धाकट्याच्या काळ्या हातांकडे. "तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "ह्ये एकलं पडंल."

मी पुढे झालो. दिवेलागण झाल्यावर ते आले. झडपेच्या बैठकीवर अक्षतेचा एक दाणा अडकून ती मिटतच नव्हती म्हणे. सगळे पोट धरून हसले. मला हसू येईना. मामांनी माणूस निवडला होता, आणि तो मी नव्हतो. हे पुढे कितीतरी वर्षं मी मनात बाळगलं.

मामा गेले त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही दोघे साडू सायखेड्याच्या ओट्यावर बसलो होतो. गाडी त्यानं कधीच विकली होती. अचानक म्हणाला, "दादा, त्या दसऱ्याला तुमचा फार राग आला होता मला."

"माझा? मी काय केलं?"

"तुम्ही गेलात आणि मामांचं लक्षच उडालं. रस्त्याकडे बघत बसले. थोरला पोचला आसंल का, त्याच्या स्कूटरचा दिवा लय मंद हाय, अंधार पडायच्या आत पोचाया पायजे, हेच चाललं होतं. मी दाणा काढून दाखवला, तर बघितलासुद्धा नाही."

"अरे मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यावर जळायचं सोडून दिलं असतं, दादा. बाकीचे वाहवा करून निघून जायचे. गाडीकडे तासन्‌तास बघत उभे राहायचे ते तुम्ही एकटेच."