भिजलेली पोती

आरमाराच्या त्या शिडाच्या जहाजावर आचाऱ्यांना लहानथोर सगळे मामा म्हणायचे. अंगाने आडवे, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. समुद्रावरची नोकरी धरली तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला होता.

"अहो, तुम्हाला झोपाळ्यावर घेरी येते. जहाजावर काय करणार?"

"घरी करतो तेच. रांधणार आणि बोलणी खाणार."

झालंही तसंच. रश्शात मीठ जरा जास्त पडलं की खलाशी जहाज डोक्यावर घ्यायचे आणि मामा झारा घेऊन त्यांच्या अंगावर धावायचे.

एका लांबच्या सफरीत वादळाने जहाजाला झोडपून काढलं. माणसं वाचली. फाटलेली शिडं शिवता आली. पण तळाच्या कोठारात पाणी घुसलं होतं. ते उपसून झाल्यावर मामा कंदील घेऊन खाली उतरले आणि पायरीवरच मटकन बसले. पिठाची झाडून सगळी पोती खाऱ्या पाण्यात बुडून निघाली होती. खारवलेलं मांस संपत आलेलं, बिस्किटांत किडे झालेले, आणि बंदर अजून कित्येक आठवडे लांब.

तसेच ओल्या पायांनी ते कप्तानाकडे गेले.

"साहेब, पीठ गेलं."

"किती?"

"सगळं."

कप्तानाने नकाशावर बंदरापर्यंतचं अंतर बोटाने मोजलं आणि तो म्हणाला, "आजपासून सगळ्यांना अर्धंच जेवण. मलाही."

खलाशी आता थाळी चाटूनपुसून मुकाट्याने परत द्यायचे. मामांना ती शांतता शिव्यांपेक्षा जास्त झोंबायची. जहाजाचा सुतार नुकताच तापातून उठला होता. आपल्यातला घास ते गुपचूप त्याच्या थाळीत सरकवायचे.

पुढे कोठारात आंबूस वास सुटला. पोती समुद्रात टाकून द्या, असा हुकूम आला. मामा आणि सुतार ती ओढून दाराशी आणत, वर दोरी धरून उभे असलेले खलाशी खेचून घेत. दोन-चार पोती पाण्यात गेलीही. मग एक दारातच अडकलं. ओढलं, ढकललं, ढिम्म हलेना. मामांचं डोकं फिरलं.

"आधी आमच्या पोटावर पाय दिलास, आता वाट अडवतोस?" असं म्हणत त्यांनी सुताराचा हातोडा उचलला आणि घातला पोत्याच्या टाळक्यात.

भिंतीच्या गिलाव्यासारखा एक जाड पोपडा फुटला आणि आतून पांढरंशुभ्र पीठ भुरभुरत मामांच्या पायावर सांडलं.

"मामा, हे तर कोरडं आहे!" सुतार ओरडला.

मामांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. खारट नाही, आंबट नाही. बाहेरच्या थराची भिजून खळ झाली होती, तीच वाळून दगडासारखी घट्ट बसली होती आणि तिनेच आतलं पीठ राखलं होतं.

तेवढ्यात वर धप्पकन आवाज झाला.

"थांबा! टाकू नका रे!" मामा दारातल्या पोत्यावरून धडपडत शिडी चढले आणि कठड्यावर टेकवलेल्या पोत्याला त्यांनी चक्क मिठी मारली. माणसं बघतच राहिली. मामांना हसू आणि रडू एकदमच फुटलं होतं, त्यामुळे काय झालं ते सुतारालाच सांगावं लागलं.

काही पोती आतूनही गेलेली निघाली, पण बरीचशी चांगली होती. त्या संध्याकाळी गरम पाव पोटभर मिळाला आणि कप्तान स्वतः दुसऱ्यांदा थाळी घेऊन आला.

बंदराला लागल्यावर मामा धक्क्यावर पाय पसरून बसले. कप्तानाने जवळ येऊन विचारलं, "मामा, पुढच्या सफरीला येणार ना?"

"आधी ती पोती ठेवायला उंच फळ्या ठोकून घ्या," मामा म्हणाले, "मग बोलू."