गाढीत सोडलेला नारळ

पाऊस उघडून दोन दिवस झाले होते, तरी मुलीच्या फोनवर गाढी नदीच्या पाणीपातळीची रेघ वर चढत होती. “यंत्र बिघडलंय बहुतेक,” ती म्हणाली. मला मात्र एकदम एक नारळ आठवला.

मी लहान होते, त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. बाबा मोसमातल्या पहिल्या मासेमारीसाठी करंजा बंदरातून निघणार होते. आई देशावरची, तिच्या माहेरची नदी एकाच दिशेला वाहायची. तिने पनवेलच्या घाटावरून गाढीत नारळ सोडला आणि हात जोडले. हळदकुंकू लावलेला तो नारळ जरासा घुटमळला आणि चक्क उलटा, डोंगराकडे निघाला. नदीने तो नाकारला असं वाटून आई मटकन पायरीवर बसली. डोळ्यांना धारा लागल्या.

बाबांची बहीण, आमची कोळीवाड्यातली आत्या, शेजारीच उभी होती. ती हसली. “वैनी, रडतेस कशाला? नारल परत नाय आला. भरती हाय. दर्याच वर आलाय त्याला न्यायला.”

मी ओंजळीतून पाणी चाखलं. किंचित खारट लागलं. तरी आत्या नुसती आईची समजूत काढतेय, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. आणि आज आत्याचा तो दर्या फोनवर रेघ होऊन चढत होता.

“समुद्र इथपर्यंत येतो?” ही गोष्ट ऐकून मुलीने डोळे मोठे केले. “मग परत कधी जातो?”

आईनेही तेव्हा हेच विचारलं होतं. नारळ खाडीकडे वळेपर्यंत ती पायरीवरून उठली नव्हती.

“बघत बस,” मी मुलीला म्हटलं, आणि तिच्या शेजारी बसले.