निवांत बसलेला कळप

कन्नडजवळच्या आमच्या शेतावर ब्रॉयलरची पहिली पिल्लं आली, तेव्हा घरात दोन तज्ज्ञ होते. एक मी. शहरात तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलेला. दुसरे वडील. त्यांची हयात मेंढरांमागे गेलेली, त्यामुळे चार पायांचं कळतं त्याला दोन पायांचं कळणारच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आईही होती, पण तिला कुणी विचारलं नाही.

शेडमध्ये पत्र्याचं गोल कडं, आत भाताचा तूस, तुसावर वर्तमानपत्रं, त्यांवर भुरभुरलेलं खाद्य आणि वर ऊब द्यायला बल्ब. थर्मामीटर मी स्वतः टांगला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे वाचताना वाकायला नको. आकडा हवा तसा आला. मी तो तक्त्यात लिहिला, खाली लाल रेघ मारली आणि चहा मागवला.

थंडीचे दिवस होते, घाटाकडून वारं येत होतं. दुपारपर्यंत सगळी पिल्लं बल्बाखाली एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झाली. वडील काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

"बघ, कळप कसा निवांत बसलाय," ते म्हणाले. "मेंढरं अशी दाटून बसली की समजायचं, पोट भरलं."

मी थर्मामीटर पाहिला. आकडा बरोबर. आयुष्यात पहिल्यांदाच आम्हा बापलेकांचं एकमत झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ढिगाच्या तळाशी पिल्लं चेंगरून मेलेली निघाली. वडिलांनी कुणाची तरी दृष्ट लागल्याचं जाहीर केलं. मी पिल्लं देणाऱ्या कंपनीला शिव्या घातल्या. आई मात्र कड्यात शिरून सरळ तुसावर बसली. एक पिल्लू उचलून तिनं त्याचे पाय गालाला लावले, मग गळ्याखालची खाद्याची पिशवी बोटानं चाचपली.

"पाय गार हायेत. पिशवी रिकामी. गारठल्यावर कोण उठून जेवायला जातंय?"

"आकडा बरोबर आहे," मी म्हणालो.

"तुझ्या नाकापाशी आसंल."

तिनं माझ्याकडून बल्ब खाली उतरवून घेतले, घाटाच्या बाजूचे पडदे सोडायला लावले. थोड्या वेळानं वर्तमानपत्रावर बोटानं टकटक केली, कोंबडी चोचीनं करते तशी. एक पिल्लू आलं, मग चार आली, मग कडंभर पांगून सगळी टिपायला लागली.

"आरं, कळप फुटला की!" वडील घाबरले.

"फुटू द्या," आई म्हणाली.

पण ते तीन दिवस काही परत आले नाहीत. विक्रीच्या वेळी काही पक्षी चांगले गुबगुबीत, तर काही पारव्याएवढे. सुरुवातीला उपाशी राहिलेली पिल्लं नंतर कितीही खाद्य घातलं तरी भरली नाहीत. दोन वयांची पिल्लं मिसळलीत का, असं कंपनीच्या सुपरवायझरनं विचारलं. मी हवामानावर बोललो.

पुढच्या खेपेला थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर आला. वाचायला मला गुडघे टेकावे लागायचे. पक्षी सगळे एकसारखे वाढले. सुपरवायझरनं माझा तक्ता चाळला आणि पाठ थोपटली. "शिकलेल्या माणसाचं काम लगेच दिसतं."

"रक्तातच हाय आमच्या," वडील म्हणाले.

आई मागेच उभी होती, हातात खाद्याचं घमेलं घेऊन. मला लाज वाटली, खरंच वाटली. पण मी "थँक्यू सर" म्हणालो.

आता रोज ती शेडमध्ये आली की मी आपणहून गुडघ्यांवर बसतो. "किती हाय?" ती विचारते. मी आकडा सांगतो. ती मान डोलावते आणि तरीही एक पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावते.