काचेखालचा डाग

नोकरीतली बहुतेक प्रकरणं फाइल बंद झाली तशी डोक्यातूनही गेली. हे मात्र आजही आठवतं, आणि आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मी तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी झाली की तिथले पाडे रिकामे होतात. धडधाकट माणसं वीटभट्टीवर जातात. एका दुकानदाराने खबर दिली की, पोशेऱ्याकडच्या पाड्यावर राहणाऱ्या एकट्या म्हातारीने दोन वर्षांच्या नातीचा गाल भाजलाय आणि ती पोरीचं तोंड फडक्याने झाकून फिरते.

सकाळीच गेलो. पाड्यावर चौकशी करायलाही कुणी नव्हतं, पोरीचे आईबापही भट्टीवर. फडकं काढलं, तर डाव्या गालावर कानापर्यंत जांभळट लाल डाग. म्हातारी पोरीला सोडेना. मी तिचं मनगट धरून हात सोडवला. पोरीला महिला कॉन्स्टेबलसोबत रुग्णालयात पाठवलं, म्हातारीला ठाण्यात आणलं.

"आजी, हे कुणी केलं?"

"माझ्यामुलंच झाला, साहेब. माझाच गुन्हा."

मी खूश. इतकी सोपी कबुली क्वचित मिळते. तिने चहाला हात लावला नाही. एकच विचारत राहिली, "पोरीला कोनी भात कालवून दिला का?"

दुपारी डॉक्टरबाईंनी बोलावलं, म्हणून तिला घेऊनच गेलो. त्यांनी काचेची पट्टी पोरीच्या गालावर दाबली. डाग फिका झाला. पट्टी उचलताच पुन्हा लाल.

"साहेब, हे भाजलेलं नाही, जन्मखूण आहे. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्यात. दाबलं की त्यांतलं रक्त मागे सरतं. काही बाळांना लालचुटूक फुगीर गाठ येते, ती बहुधा आपोआप ओसरते. हा सपाट डाग राहतो. माराचा डाग असता, तर रक्त वाहिनीबाहेर सांडलं असतं. ते दाबून जात नाही."

मी म्हातारीकडे वळलो. "आजी, मग तुमच्यामुळे झालं म्हणालात, ते कसं?"

"गिराण लागलेला. पोर आईच्या पोटात होती. मी सुनेसमोर कोयत्याने लाकडां तोडली. त्याचाच डाग आला पोरीला."

दोन वर्षं ती हे एकटीच उराशी घेऊन बसली होती. ग्रहणाने डाग येत नाही, हे तिला डॉक्टरबाईंनी तीनदा सांगितलं. मग त्यांचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. तिथे चार बोटांचे जांभळे वळ होते. त्यांनी तीच पट्टी दाबली. वळ जराही फिके झाले नाहीत. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

जीपने दोघींना पाड्यावर सोडलं. पोर तिच्या गळ्यात घट्ट बिलगली होती. उतरताना आजीने पदर ओढून मनगट झाकलं.

"लागला नाय, साहेब. माझीच कातडी म्हातारी."

कबुली मिळाली म्हणून तपास संपत नाही, हे मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना हटकून सांगायचो. मनगटाचं मात्र कुणालाच सांगितलं नाही. आता बायको गेली, घरात बोलायला कुणी नाही. ते चार वळ माझ्या बोटांचे होते, हे आज इथे लिहून ठेवतो.