आजीच्या घरचा अर्धा तास

प्रायश्चित्तकाळ आला की मी यादी करते. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या पाड्यांवरची, प्रत्येक बाई रोज रांधायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढते. ते तांदूळ माझ्याकडे जमतात आणि शनिवारी, ज्यांचं कोणी नाही अशांच्या घरी जातात. अंगणवाडीत नोंदी ठेवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून हे काम माझ्याकडेच आलं. फादरांचा नियम एकच: तांदूळ ठेवून निघायचं नाही. अर्धा तास बसायचं, जपमाळ करायची, माणसाला बोलू द्यायचं.

गेल्या वर्षी यादीत नऊ घरं होती. आईच्या पाड्यावरचं एकच, नाल्यापलीकडच्या एका आंधळ्या आजीचं.

भाऊ-भावजय ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, त्यामुळे आई एकटी होती. रोज कामावरून येताना मी तिच्या दारात स्कूटी थांबवायचे. गोळ्या घेतल्या? पाणी भरलं? फोन चार्ज आहे? स्कूटी बंद करायचे नाही.

या चाळीस दिवसांच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमधून परतताना, कपाळावरची राख तशीच असताना, आई आमच्या बोलीत म्हणाली, "तुझ्या यादीत माझं नाव घाल."

"यादी ज्यांचं कोणी नाही त्यांची असते. तुला मी आहे ना."

"आहेस. स्कूटीवर आहेस."

मी हसले. तीही हसली.

पहिल्या शनिवारी आजीकडे पोचले तर आई आधीच येऊन बसलेली. "म्हातारीला सोबत," म्हणाली. मग दर शनिवारी ती तिथे असायची. जपमाळ चालू असताना माझ्या शेजारी भिंतीला टेकायची, माझ्या साडीला चिकटलेली कुसळं एकेक करून काढायची. चांगलं आहे, मला वाटलं, आजीकडे कुणीतरी लक्ष देतंय.

पाचव्या शनिवारी ती काठी टेकत आली. गुडघा सुजून टम्म झालेला.

"असा पाय घेऊन नाला ओलांडून आलीस? इथे तुझं काय काम आहे?" मी म्हणाले. "मी रोज येते ना तुझ्याकडे?"

आजी काहीतरी बोलायला गेली. मी यादी बघत होते, चार घरं राहिली होती. आईला हाताला धरून तिच्या घरी नेलं, ओट्यावर बसवलं, पायाखाली उशी दिली आणि बजावलं, आता घराबाहेर पडायचं नाही.

"बरं," आई म्हणाली.

सहाव्या शनिवारी ती आजीकडे नव्हती. ऐकलं एकदाचं, म्हणून मला बरं वाटलं.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारानंतर दोनच दिवसांनी, पहाटे मोहाची फुलं वेचायला निघालेल्या बायकांना ती ओट्यावर टेकून बसलेली दिसली. हाक मारली तर ओ दिली नाही.

त्याच आठवड्यातल्या पवित्र शनिवारी सगळे म्हणाले, या वेळी राहू दे. मी गेले. यादी होती, तांदूळ होते, आणि घरात बसवत नव्हतं. आजीच्या घरात नेहमीसारखी टेकायला गेले तर आजी म्हणाली, "भिंतीकडची जागा सोड. तिची आहे."

मी सरकले.

"दुपारपासून येऊन बसायची," आजी सांगू लागली. "सारखं मलाच विचारायची, तुझे कान चांगले, ऐक बरं, स्कूटी आली का? मी म्हणायचे, अगं, पोरगी तुझी आणि वाट मी बघू? तर म्हणायची, माझं नाव यादीत घालत नाही ती. तुझ्या अर्ध्या तासातला थोडा मला दे."

मी म्हणाले, "मागच्या शनिवारी नाही आली ती."

"तू नको म्हणालीस ना. तिकडे ओट्यावरून ओरडून विचारत होती, आली का. मी सांगितलं, आली."

जपमाळ माझ्या हातात होती. पहिला मणी पुढे सरकला नाही. आजीच्या दारातून नाल्यापलीकडचा ओटा दिसतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पायाखाली दिलेली उशी अजून तिथेच पडलेली होती.